मोठ्यांचा कोंडा घरी सांभाळा, लहान मुलांचा मात्र दाखवून घ्या

डोक्यात खाज सुटते. खाजवलं की नखात पांढरं भुसकट येतं, गडद रंगाचा शर्ट घातला तर खांद्यावर पडलेलं दिसतं. आपण त्याला कोंडा म्हणतो. मग कुणी तेल चोपडतं, कुणी लिंबू चोळतं, कुणी मेडिकलमधून ट्यूब आणतं. महिनाभराने खाज आहे तिथेच असते आणि तोवर खिशातले दोन-तीनशे रुपये गेलेले असतात.

या लेखात मला जे सांगायचं आहे ते सुरुवातीलाच सांगतो. मोठ्या माणसाचा साधा कोंडा घरच्या घरी, कमी पैशात आणि कमी पाण्यात आटोक्यात ठेवता येतो. त्यासाठी दवाखान्याची पायरी चढायची गरज सहसा नसते. पण चार ते दहा वर्षांच्या मुलाच्या किंवा मुलीच्या डोक्यात कोंड्यासारखं काही दिसलं, तर तो कोंडा आहे असं समजून घरी उपचार करू नका. दाखवून घ्या. आपल्या जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत नेमकं उलटं चालतं. मोठी माणसं साध्या कोंड्यासाठी नाशिकपर्यंत फेऱ्या मारतात आणि लहानांच्या डोक्याला वर्षभर नुसतं तेल लागत राहतं.

कोंडा म्हणजे नेमकं काय?

आपल्या सगळ्यांच्याच त्वचेवर मॅलॅसेझिया नावाची एक सूक्ष्म बुरशी राहते. तुमच्या डोक्यावर आहे, माझ्याही आहे. ती बाहेरून आलेली नसते आणि घाणेरडेपणामुळे होत नाही. टाळूच्या ग्रंथींमधून जो तेलकट स्राव येतो, त्यावर ती जगते. हा स्राव फोडून ती त्यातली स्निग्ध आम्लं वापरते आणि जे उरतं ते काहींच्या त्वचेला झोंबतं. झोंबलं की त्वचा घाईघाईने नवी पेशी बनवू लागते. एरवी महिनाभरात हळूहळू, न दिसता गळून जाणारा थर मग गठ्ठ्याने सुटतो. तोच कोंडा.

हाच त्रास वाढला की टाळू लाल होते, पिवळसर तेलकट खपल्या धरतात आणि भुवया, नाकाच्या बाजू, कानामागे, पुरुषांच्या दाढीत आणि छातीवरही तसंच दिसू लागतं. त्याला आम्ही सेबोरिक डर्मटायटिस म्हणतो. कोंडा आणि हा आजार वेगवेगळे नाहीत. एकाच रस्त्यावरची ही दोन गावं आहेत.

यावरून दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, कोंडा हा संसर्ग नाही. नवऱ्याचा बायकोला, आईचा लेकीला लागत नाही. दुसरी, तो कायमचा 'बरा' होत नाही, काबूत राहतो. बीपीचं जसं असतं तसंच. गोळी चालू असेपर्यंत बीपी ठीक, बंद केली की पुन्हा वर. 'कोंडा मुळापासून नाहीसा' असं जाहिरातीत म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आधी वय पाहा

कोंड्याला तेलकट स्राव लागतो. तो तयार करणाऱ्या ग्रंथी दोन वेळा जोरात काम करतात. जन्मानंतरचे पहिले काही महिने, कारण आईची संप्रेरकं बाळाच्या अंगात असतात, आणि मग थेट वयात येताना. मधल्या वर्षांत या ग्रंथी जवळपास झोपलेल्या असतात.

म्हणून तान्ह्या बाळाच्या टाळूवर पिवळसर खपल्यांचा थर दिसतो, तो बहुतेक निरुपद्रवी असतो. अंघोळीआधी थोडं तेल लावून खपली मऊ करायची, मऊ कापडाने किंवा मऊ ब्रशने हलकेच सोडवायची आणि धुऊन टाकायची. नखाने उकरायची नाही. काही महिन्यांत तो आपोआप जातो.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला, वीस वर्षांच्या तरुणाला, चाळीस वर्षांच्या बाईला कोंडा होणं अगदी स्वाभाविक आहे.

पण पहिली-दुसरी-तिसरीतल्या मुलाच्या डोक्यात खवले दिसले तर तिथे कोंड्याला लागणारं खाद्यच नसतं. मग ते काय असतं? क्वचित इसब किंवा सोरायसिस असतो. पण आपल्याकडे सगळ्यात आधी दोन गोष्टींचा विचार करावा लागतो. एक, डोक्यातलं गजकर्ण, ज्याला आपल्याकडे जुनी माणसं खवडे म्हणतात. दुसरं, उवा आणि लिखा. दोन्ही एकाकडून दुसऱ्याला लागतात. आणि आपल्या दोन्ही तालुक्यांत पहिलीपासूनची मुलं निवासी आश्रमशाळांत राहतात. शेजारी शेजारी झोपतात, एक कंगवा चार जणींत फिरतो, टॉवेल दोघांत एक असतो. तिथे एका डोक्यातलं दुसऱ्या डोक्यात जायला फार दिवस लागत नाहीत.

उजेडात बसवून डोकं नीट पाहा

घरात, दाराशी, सकाळच्या उन्हात डोकं पाहा. भांग पाडत पाडत मागून पुढे या. पाच मिनिटं लागतात.

भुसकट मोकळं असेल, झटकलं की पडत असेल, केस जागच्या जागी असतील आणि व्यक्ती वयात आलेली असेल, तर तो कोंडा आहे.

पांढरे ठिपके केसाला एका बाजूने घट्ट चिकटलेले असतील, बोटाने ओढले तरी केसावरून सहज सरकत नसतील, आणि कानामागे व मानेवर जास्त असतील, तर त्या लिखा आहेत. कोंडा फुंकरीने उडतो, लीख उडत नाही. खाज कानामागे आणि मानेवर जास्त, रात्री जास्त. खाजवून खाजवून जखमा होतात, त्यात पू होतो आणि मग मानेमागे गाठी येतात. अशा गाठी पाहून आईबाप टीबीच्या धास्तीने येतात आणि डोक्यात पाहिलं तर उवा असतात. गाठी दाखवून घ्यायच्याच, पण डोकंही पाहायला सांगा.

एखाद्या जागी केस विरळ झालेले असतील, केस मुळाशीच तुटून काळे ठिपके दिसत असतील, त्या जागी राखाडी खवले असतील, तर ते गजकर्ण समजा. कधी कधी केस फारसे जात नाहीत, नुसते खवले दिसतात. म्हणूनच ते कोंडा म्हणून खपून जातं. आणि कधी त्या जागी मऊ, पुवाने भरलेली, दुखरी सूज येते. ती गळवासारखी दिसते, पण गळू नसते. ती चिरायची नसते.

जाड, चांदीसारख्या पांढऱ्या खपल्या, केसांची हद्द ओलांडून कपाळावर आलेल्या, सोबत कोपर-गुडघ्यावर तसेच चट्टे आणि नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे असतील, तर तो सोरायसिस असण्याची शक्यता मोठी. तो लागट नाही, पण शाम्पूने भागत नाही.

केसांना रंग किंवा काळी मेंदी लावल्यानंतर एक-दोन दिवसांत खाज, पाणी सुटणं, कान आणि पापण्या सुजणं असं झालं तर ती त्या रंगाची ॲलर्जी आहे. लग्नसराईत आणि सणाच्या आधी अशा केसेस हमखास येतात. स्वस्त पुडीतली 'काळी मेंदी' ही नुसती मेंदी नसते, तिच्यात रसायनाचा रंग मिसळलेला असतो. एकदा असं झालं की तो रंग आयुष्यात पुन्हा लावायचा नाही. पुढच्या वेळी त्रास आणखी जास्त होतो.

मोठ्यांसाठी घरचा उपचार

कोंडा आहे हे ठरलं की उपचार सोपा आहे. बुरशी कमी करणारा शाम्पू लागतो. बाटलीच्या पुढे काय लिहिलंय ते सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा किंवा शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. त्यात यांपैकी एक नाव हवं: झिंक पायरिथिऑन, सेलेनियम सल्फाइड किंवा कीटोकोनाझोल. पहिलं औषध साध्या कोंडाविरोधी शाम्पूत असतं आणि छोट्या पाऊचमध्येही मिळतं. साध्या कोंड्याला तेवढं बहुतेकदा पुरतं. चार आठवड्यांत फरक नाही पडला किंवा सुरुवातीपासूनच लालसर, तेलकट खपल्या असतील, तर २ टक्के कीटोकोनाझोलचा शाम्पू घ्या. गरोदर असाल तर आधी विचारून घ्या.

शाम्पूपेक्षा तो लावायची पद्धत महत्त्वाची. बहुतेक लोक इथेच चुकतात. शाम्पू केसांना लावतात आणि लगेच धुतात. औषध टाळूला लागायला हवं आणि तिथे थांबायला हवं.

आपल्याकडे मार्चनंतर पाणी हा मोठा प्रश्न असतो. मोखाड्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, डोक्यावर दोन-तीन हंडे घेऊन बायका उतार चढतात. अशा बाईला 'आठवड्यातून तीन वेळा भरपूर पाण्याने डोकं धुवा' असं सांगणं म्हणजे सल्ला नव्हे, थट्टा आहे. म्हणून पद्धत पाण्याच्या हिशेबाने सांगतो.

दोन तांबे पाण्याने डोकं ओलं करा. शाम्पू तळहातावर घेऊन थोडं पाणी मिसळा आणि बोटांच्या पेरांनी टाळूला लावा. नखं वापरू नका. आता पाच मिनिटं थांबा. या वेळात पाणी लागत नाही. हातपाय घासून घ्या. मग अर्ध्या बादलीत डोकं धुऊन टाका. केस लांब आणि दाट असतील तर थोडं जास्त लागेल. असं आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. त्यानंतर आठवड्यातून एकदा किंवा पंधरा दिवसांतून एकदा पुरतं. पण अगदी बंद करू नका. बंद केलं की एक-दोन महिन्यांत तो परत येतो आणि लोक म्हणतात, 'औषधाचा काही उपयोग झाला नाही.'

उन्हाळ्यात दोनदा जमत नसेल तर एकदाच करा, पण पाच मिनिटं सोडू नका. घाईत दोनदा केलेल्यापेक्षा नीट एकदा केलेलं बरं.

वीटभट्टीच्या कामासाठी दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे जाणाऱ्या कुटुंबांना एक सांगणं आहे. तिथे धूळ आणि काजळी डोक्यात बसते. कामावर असताना डोक्याला सुती फडकं बांधा, संध्याकाळी ते धुऊन टाका. जाताना चार पाऊच बरोबर न्या.

पावसाळ्यातली गोष्ट वेगळी. आवणीच्या दिवसांत दिवसभर इरल्याखाली वाकून काम, वर पाऊस, आत घाम, आणि ओल्या केसांचाच अंबाडा. तो अंबाडा रात्रीपर्यंत सुटत नाही. ओलसर, उबदार टाळू बुरशीला मानवते. घरी आल्यावर केस सोडून कोरडे करा, चुलीच्या उबेला बसलात तरी चालेल, पण ओले केस बांधून झोपू नका.

तेलाचं काय करायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि यावरच सगळ्यात जास्त वाद होतो. 'डोकं कोरडं पडलं म्हणून कोंडा झाला, म्हणून तेल लावा' हे आपण आजीकडून ऐकलेलं असतं. भुसकट दिसतं म्हणून त्वचा कोरडी वाटते, पण कोंड्याची टाळू बहुतेकदा आधीच तेलकट असते. तेल लावलं की खपल्या टाळूला चिकटून बसतात आणि दिसेनाशा होतात. म्हणून दोन दिवस बरं वाटतं. आजार तिथेच असतो.

मी तेलाच्या विरोधात नाही. आपल्याकडे खुरासणीचं तेल घरचं असतं, कुणाकडे मोहाच्या बियांचं असतं, बाजारात खोबरेल मिळतं. केसांसाठी ती चांगलीच आहेत. मऊपणा येतो, केस कमी तुटतात, फणी नीट फिरते. फक्त कोंडा असताना ते केसांच्या लांबीला लावा, टाळूवर थापू नका, आणि रात्रभर ठेवू नका. खपल्या फारच जाड असतील तर धुण्याआधी तासभर टाळूला थोडं लावा, खपल्या मऊ होतील, मग औषधी शाम्पूने धुऊन टाका. तेल खपली सोडवायला मदत करतं, बुरशीचं औषध म्हणून चालत नाही.

शिकेकाई-रिठ्याने केस स्वच्छ होतात, कोंड्यावर ते औषध नाही. दह्याने अपाय नाही, पण ते खाल्लेलं जास्त बरं. लिंबू आणि मीठ खाजवलेल्या टाळूवर चोळू नका, आग होते आणि जखम वाढते. कपड्यांच्या साबणाने डोकं धुऊ नका. तो त्वचेसाठी बनवलेला नाही. पाणी जड असेल तर त्याचा पांढरा थर केसांत राहतो आणि तो कोंडाच वाटतो.

एक भीती मात्र काढून टाका. कोंड्याने टक्कल पडत नाही. फार खाजवल्याने केस तुटतात, ते पुन्हा येतात.

या वस्तू डोक्याला लावू नका

पहिली म्हणजे ट्यूब. गजकर्ण, खाज, कोंडा, काळे डाग, सगळ्यावर एकच ट्यूब चालते असं समजून ती घरोघरी पोचली आहे. तिच्यात बुरशीचं औषध थोडं आणि जोरदार स्टिरॉइड भरपूर असं मिश्रण असतं. स्टिरॉइडने खाज दुसऱ्या दिवशी थांबते, म्हणून ती गुणकारी वाटते. पण ते त्वचेची प्रतिकारशक्ती दाबतं आणि बुरशी आत पसरत राहते. ट्यूब थांबवली की दुप्पट जोराने उसळते. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतभर औषधाला दाद न देणारं गजकर्ण पसरलं, त्यात या ट्यूबांचा मोठा हात आहे. २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टिरॉइड औषधं शेड्यूल 'एच'मध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. कायदा आहे. तरीही दुकानात 'खाजेची ट्यूब द्या' म्हटलं की ती हातात पडते. ती तुम्ही मागूच नका. मेडिकलवाल्यांनाही माझी विनंती आहे, लहान मुलाच्या डोक्यासाठी कुणी ट्यूब मागितली तर देऊ नका, दवाखान्यात पाठवा.

दुसरी, सीताफळाच्या बिया. उवांसाठी त्या वाटून डोक्याला लावतात. उवा मरतही असतील, पण ती पूड किंवा तिचं पाणी डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा होते, डोळे लाल होऊन उघडता येत नाहीत, असह्य दुखतं. आपल्या देशातल्या नेत्रतज्ज्ञांनी अशा रुग्णांची नोंद केलेली आहे. उवेसाठी डोळा पणाला लावू नका. चुकून गेलंच तर लगेच स्वच्छ पाण्याने डोळा भरपूर धुवा आणि दवाखाना गाठा.

तिसरी, रॉकेल. डोक्याला रॉकेल लावून चुलीपाशी गेलेल्या मुलीचं काय होऊ शकतं हे वेगळं सांगायला नको. शिवाय त्याने त्वचा भाजते.

चौथी, शेतातलं कीटकनाशक आणि मुंग्या-झुरळांचा खडू. डोक्याच्या त्वचेतून, विशेषतः खाजवून सोललेल्या त्वचेतून, विष अंगात जातं. यात लहान मूल दगावू शकतं.

उवा असतील तर

उवा डोक्याला डोकं लागून पसरतात. स्वच्छ मुलीलाही होतात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. १ टक्का परमेथ्रिनचं लोशन मिळतं. केस धुऊन, टॉवेलने टिपून, ओलसर केसांना मुळापासून लावायचं, दहा मिनिटं ठेवायचं आणि धुवायचं. खरजेसाठी ५ टक्क्यांचं असतं, ते वेगळं. विकत घेताना आकडा पाहा.

लिखा या औषधाने सगळ्या मरत नाहीत. सात ते दहा दिवसांत त्यातून पिल्लं निघतात. म्हणून नवव्या दिवशी तेच पुन्हा करायचं. हे दुसऱ्यांदा लावणं राहून जातं आणि महिन्याभरात डोकं पुन्हा भरतं. मधल्या काळात केस ओले करून, तेल लावून, बारीक दातांच्या फणीने दोन-तीन दिवसांआड विंचरा. लोशन परवडत नसेल तर नुसत्या फणीनेही जमतं, पण मग दोन-तीन आठवडे चिकाटी लागते. घरातल्या, आणि वसतिगृहात त्या खोलीतल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी पाहायला हवीत. एकीचा उपचार करून बाकीच्या सोडल्या तर तो वाया जातो.

मुलांच्या डोक्यातलं गजकर्ण

हे मात्र घरी होणारं काम नाही. अंगावरच्या गजकर्णाला मलम चालतं, डोक्यातल्याला चालत नाही. कारण बुरशी केसाच्या मुळात शिरलेली असते, मलम तिथवर पोचतच नाही. पोटात औषध घ्यावं लागतं. ग्रिझिओफल्विन किंवा टर्बिनाफिन, मुलाच्या वजनाप्रमाणे, सहसा चार ते आठ आठवडे. ग्रिझिओफल्विन जेवणाबरोबर, जेवणात थोडं तेल, दूध किंवा शेंगदाणे असताना घ्यायचं, तरच ते अंगी लागतं. सोबत कीटोकोनाझोल किंवा सेलेनियमचा शाम्पू आठवड्यातून दोनदा लावला की इतरांना लागण कमी होते. शाम्पू एकटा पुरत नाही.

उपचार लांबवला तर सूज येऊन केसांची मुळंच मरतात आणि त्या जागी पुन्हा केस येत नाहीत. सहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर रुपयाएवढा चट्टा कायमचा राहतो. वेळेवर दिलेल्या गोळ्यांनी तो टळला असता.

अडचण कुठे येते ते सांगतो. पंधरा दिवसांत खाज थांबते, आणि नेमकी दिवाळीची सुट्टी लागते. मूल घरी जातं, गोळ्या शाळेतल्या कपाटात राहतात. किंवा आईबाप भट्टीवर निघतात आणि मूल त्यांच्याबरोबर. उपचार अर्धवट राहतो. म्हणून अधीक्षक आणि अधीक्षिकांना माझं सांगणं आहे की सुट्टीला मूल सोडताना गोळ्यांची पुडी आणि तारखा लिहिलेला कागद पालकांच्या हातात द्या. आणि पालकांनो, तुम्हीही मागा.

केस कापणं हा उपचार नाही

यावर माझं मत कडक आहे. डोक्यात खवडे किंवा उवा झाल्या की मुलींचे केस सरसकट बारीक कापायचे किंवा चकोट करायचे, ही पद्धत बंद व्हायला हवी. गजकर्ण केस कापून जात नाही, कारण बुरशी त्वचेखालच्या मुळात असते. उवा औषधाने आणि फणीने जातात. कुणी स्वतःहून केस लहान ठेवत असेल तर प्रश्न नाही. पण आठ-दहा वर्षांच्या मुलीला न विचारता, रांगेत उभं करून, सगळ्यांसमोर मशीन फिरवणं ही शिक्षा आहे, आणि तीही आजारी असल्याबद्दलची. अशी मुलगी सुट्टीला घरी गेली की परत यायला तयार नसते. आपल्या भागात शाळा एकदा सुटली की ती मुलगी पुढे कुठे दिसते हे तुम्हाला माहीत आहे. ती भट्टीवर असते, नाहीतर धाकट्या भावंडाला सांभाळत घरात.

उपचार सुरू झाला की मुलाला शाळेत बसू द्यायला हरकत नसते. वेगळं झोपवण्याची, वेगळं जेवायला बसवण्याची गरज नाही. कंगवा, टॉवेल, उशी आणि टोपी प्रत्येकाची वेगळी, एवढं पुरतं. दर मुलीमागे एक कंगवा आणि दर खोलीला एक बारीक फणी, एवढ्याने अर्धी लागण थांबेल. याला मोठी योजना लागत नाही.

यंत्रणाही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांमध्ये तपासणीला येतात आणि त्वचेचे आजार त्यांच्या तपासणीच्या यादीत आहेत. माझी मागणी इतकीच की वजन-उंची घेताना प्रत्येक मुलाचे केस बाजूला सारून टाळूही पाहावी. एका डोक्याला अर्धं मिनिट लागतं.

कुठे आणि कधी जायचं?

पुढचं काही असेल तर थांबू नका. वयात न आलेल्या मुलाच्या डोक्यात खवले किंवा केस गेलेली जागा. पू, ताप, मानेत गाठी. चार आठवडे नीट शाम्पू लावूनही फरक नाही. सोरायसिससारख्या जाड खपल्या. केसांच्या रंगानंतर चेहरा सुजणं.

आणखी एक. मोठ्या माणसाला अचानक, डोकं, चेहरा, छाती अशा सगळीकडे जोरदार खपल्या आल्या आणि सोबत वजन उतरत असेल, वारंवार ताप किंवा जुलाब होत असतील, तर एचआयव्हीची तपासणी करून घ्या. असा तीव्र त्रास कधी कधी त्याची पहिली खूण असतो. ही तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते आणि तिचा निकाल गुप्त ठेवला जातो. बहुतेकांना तसं काही निघत नाही, पण निघालंच तर लवकर कळलेलं बरं, कारण आज त्यावर चांगली औषधं आहेत.

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून करा. पुढे मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय आहे, जव्हारचं पतंगशहा कुटीर रुग्णालय आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. त्वचारोगतज्ज्ञ दूर असतील तर ई-संजीवनीवरून त्यांचा सल्ला मिळू शकतो, आरोग्य केंद्रात त्याबद्दल विचारा. डोक्याची जागा फोटोत स्पष्ट दिसते, त्यामुळे अशा आजारांना हा मार्ग चांगला चालतो. आधीच एखादी ट्यूब लावली असेल तर तिचं खोकं बरोबर न्या, लपवू नका. ट्यूब लावलेलं गजकर्ण ओळखू येत नाही आणि मग आमचाही अंदाज चुकतो.

आशाताई आणि अंगणवाडीताई हा लेख वाचत असतील तर त्यांना एवढंच सांगतो: एखादी आई 'पोराला कोंडा झालाय' म्हणाली की आधी पोराचं वय विचारा.

आणि तुम्ही, वाचक, मुलं सुट्टीला घरी आली की पहिल्या रविवारी सकाळी त्यांना दाराशी उजेडात बसवा आणि भांग पाडून डोकं पाहा. काही दिसलं तर शाळा सुरू होण्याची वाट पाहू नका. उपचार सहा-आठ आठवड्यांचा आहे, सुट्टीतच सुरू केला तर शाळेत जाईपर्यंत निम्मा पार पडलेला असेल.